कुंदाचा नर

"पोरां भुकेन वळवळतत आणि तुम्ही पेपर वाचतास?"

काकी मागल्या दारातून ओरडल्या, तसं तिरोडकर सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

"पोरं म्हणजे अळ्या," ते मला म्हणाले, जसं काही ते मला सांगायलाच हवं होतं. "प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख आहे मी, संज्योत. आणि या वयात रोज किंजळीच्या झाडावर चढतोय."

"आता आजे झालास. चढूक व्हया," आतून उत्तर आलं.

सर हसले. त्या घरात सर हसलेले मी तोवर फारसे पाहिले नव्हते. खांद्यावर पंचा टाकून ते मागे गेले आणि थोड्या वेळाने कोवळी डहाळी घेऊन आले. काकींनी ती हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. मोरीपाशी पाटावर बसून त्या एकेक पान तोडायच्या, पाण्यात धुवायच्या, उलटंसुलटं करून बघायच्या आणि सुती ओढणीच्या फाडलेल्या तुकड्याने दोन्ही बाजूंनी पुसायच्या. ओढणी कुंदाची होती, त्यांच्या मुलीची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या घरात दुसरं कोण ओढणी वापरणार होतं?

अळ्या होत्या दुधाच्या कपाटात. तुमच्यातल्या जुन्या माणसांनी पाहिलं असेल, चारी बाजूंनी बारीक तारेची जाळी असलेलं, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेलं कपाट. मुंग्या चढू नयेत म्हणून वाट्या. काकींनी त्यातलं दूध, दही, लोणी सगळं बाहेर काढलं होतं आणि आत माझ्या काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. दह्याला मुंग्या लागत होत्या, पण काकींना त्याचं काही नव्हतं.

त्या बरण्या तिथे कशा पोचल्या, ते सांगते.

मी मूळची मिरजेची. पतंगांवर पीएच. डी. करायला सावंतवाडीच्या बाजूला आले, ते तिरोडकर सरांसाठी. पतंग म्हणजे रात्री दिव्यावर येतात ते, फुलपाखरांचे गरीब भाऊबंद. फुलपाखरांवर जीव टाकणारे ढीगभर असतात. पतंगांची नावं लावणारी माणसं तेव्हा आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि सर त्यातले एक. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांच्या लाकडी पेट्या होत्या. टाचणीवर पंख पसरून सुकवलेले पतंग आणि प्रत्येकाच्या खाली इवल्याशा कागदावर गाव, तारीख, कुणी पकडला ते. पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास यायचा. माझ्या कपड्यांना तो वास इतका बसला होता की खानावळीत शेजारची मुलगी ताट उचलून दुसरीकडे जायची.

त्या पेट्यांतली एक पेटी सर स्वतःच उघडायचे. तिच्यात होता कुंदा.

खरं नाव लॅटिन, लांबलचक. पण त्याचा दुसरा भाग सरांच्या मुलीच्या नावावरून केलेला, म्हणून प्रयोगशाळेत आम्ही सगळे नुसतं कुंदाच म्हणायचो. कुंदा अकरावीत असताना मेंदूज्वराने गेली होती. त्यानंतरचा पाऊस संपत आला असताना एका सकाळी काकी व्हरांडा झाडायला आल्या, तर भिंतीवर, बल्बखाली, कुणी चिकटवावा तसा एक पतंग बसलेला. पांढुरके पंख आणि कडेला केशरी रेघ. काकींनी सरांना हाक मारली. सरांनी आयुष्यात असा पतंग पाहिला नव्हता. जगातल्या कुठल्याही यादीत तो सापडला नाही. मग त्यांनी त्याचं रीतसर वर्णन छापलं आणि नाव दिलं. स्वतःचं नाव आपल्या शोधाला द्यायचं नाही, असा आमच्यात संकेत आहे. दुसऱ्या कुणाचंही देता येतं.

तेव्हापासून दर वर्षी नवरात्राच्या सुमाराला काकी सकाळी झाडू हातात घेण्याआधी व्हरांड्याची भिंत बघायच्या. दिसला की आत येऊन सांगायच्या, "कुंदा इला." नाही आला तर काही बोलायच्या नाहीत. सर म्हणायचे, त्या दिवशी आमटीत मीठ जास्त पडतं.

आता माझा भाग.

सरांच्या पेट्यांची नवी मांडणी करायचं काम माझ्याकडे होतं. कुंदाची पेटी त्यांनी मोठ्या विश्वासाने माझ्या हातात दिली आणि मी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नमुना पाहत गेले. पाहता पाहता माझ्या लक्षात आलं, की सगळ्या माद्या आहेत. एकही नर नाही. इतक्या वर्षांत एकही नाही. आणि दोन कप्पे सोडून एका मळखाऊ तपकिरी पतंगाची रांग होती. त्याचं वर्णन शंभरेक वर्षांपूर्वी कुणा एका साहेबाने केलेलं. ते सगळे नर. त्याची मादी कुणी पाहिलीच नव्हती.

या धंद्यात ही चूक नवी नाही. नर एका रंगाचा, मादी दुसऱ्या रंगाची. एक माणूस एकाला नाव देतो, दुसरा दुसऱ्याला, आणि एकाच जातीची दोन नावं होऊन बसतात. मग जे नाव आधी छापलं ते राहतं. नंतरचं बाद. त्यात दयामाया नाही, वशिला नाही.

सरांना हे सुचलं नसेल का? इतकी वर्षं? मी तेव्हा स्वतःला असं समजावलं की नसेल सुचलं. सव्वीस वर्षांच्या मुलीला आपल्याच डोळ्यांना सगळं आधी दिसतं असं वाटत असतं.

खात्रीचा मार्ग एकच होता. कुंदाची अंडी मिळवायची, अळ्या वाढवायच्या आणि कोशातून काय बाहेर येतं ते पाहायचं. त्या नवरात्रात काकींनी "कुंदा इला" म्हटलं, तेव्हा मी डबी घेऊन गेले. काकी म्हणाल्या, "मारू नको हां." मी म्हटलं, "नाही काकी, अंडी घालू दे, मग सोडू." आणि खरंच सोडली. माझ्या खोलीवर पहिल्या चार अळ्या मुंग्यांनी फस्त केल्या. काकींच्या मागल्या दारी किंजळीचं झाड होतं. मी राहिलेली अंडी त्यांच्याकडे नेली.

"कुंदाची पिल्लं वाढवायची आहेत, काकी. हिची अळी कशी असते ते अजून जगात कुणी पाहिलेलं नाही."

हे खोटं नव्हतं. पण अर्धंच होतं, आणि उरलेलं अर्धं मी गिळलं.

त्या दिवशी सरांनी विचारलं, "अंडी कुठली?"

"तुमच्या भिंतीवरच्या कुंदाची."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग "बरं," म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पुढचे आठवडे ते घर बदललं. काकी अळ्यांशी बोलायच्या. कात टाकताना अळी निपचित पडते, तेव्हा त्यांनी मला कॉलेजात निरोप धाडला, "धाकट्याक बरा नाय." शेजारणींना बोलावून दाखवायच्या. शेजारणी नाक मुरडायच्या आणि काकी त्यांना चहा न देता वाटेला लावायच्या. सरांना म्हणायच्या, "बघा, ह्या तुमच्यासारख्याच, खाताना वर बघीत नाय." मी रोज संध्याकाळी जायचे, मापं घ्यायचे, चित्रं काढायचे, आणि त्या माझ्यासमोर ताट ठेवायच्या. मी जेवायचे. चवीने जेवायचे.

दिवाळी संपली आणि कोश फुटायला लागले. पहिला कुंदा बाहेर आला. पांढुरका, केशरी रेघेचा. काकींनी देवाला साखर ठेवली. दुसराही तसाच. मी निराश झाले, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा काकी कपाटासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"संज्योत, ह्यो कोण गो?"

जाळीच्या आत, कुंदाच्या शेजारी, ओले पंख सुकवत एक पतंग बसला होता. मळखाऊ तपकिरी. मी तो हजारांत ओळखला असता. मला नुसता आनंद झाला. माझा पहिला स्वतंत्र शोध. माझं नाव छापून येणार. करायला गेले गणपती आणि झाला मारुती असं काकींच्या बाजूने म्हणता येईल. मी मात्र पहिल्यापासून मारुतीच करायला निघाले होते.

सर आंघोळ करून आले होते. पंचा तसाच कंबरेला. ते वाकले, जाळीतून पाहिलं, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"पानांबरोबर दुसरी अळी आली असणार," ते सरळ होत म्हणाले. आवाज अगदी साधा. "होतं असं. नाही का संज्योत? असं होतं की नाही?"

होतं. नेहमी होतं. बाहेरून आणलेल्या पाल्यातून भलतीच अळी आत शिरते आणि माणसं फसतात. सर माझ्याकडे बघत होते. मला नुसती मान हलवायची होती.

मी काकींकडे वळले.

"काकी, पानं तुम्ही झाडावरून आणली तशीच आत घालत होतात का?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी रोज पाहत होते. तरी विचारलं, कारण माझ्यापेक्षा त्यांच्या तोंडून आलेलं पक्कं झालं असतं.

काकींचा चेहरा लाल झाला. "तशीच? काय म्हणतंस काय तू? एकेक पान धुवन, दोनीकडसून पुसून घातलंय मी! दुसरो किडो सोड, मुंगी जावक दिलंय नाय आत. कुंदा लहान असताना तेका सुद्धा इतक्या जपलंय नाय!"

सर बाकावर बसले.

"ऐकलंस?" ते मला म्हणाले. "झालं तर मग. लिही आता."

"काय झाला?" काकी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "माझा काय चुकला?"

"तुझा काय एक चुकला नाय," सर म्हणाले. "ह्यो नर आसा. कुंदाचो."

काकींनी तोंडाला पदर लावला आणि त्या हसू लागल्या.

"म्हणजे कुंदाचो घोव!" त्या म्हणाल्या. घोव म्हणजे नवरा. "अगो बाये, काळो आसा, पण नाकीडोळी बरो आसा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसू थांबत नव्हतं. "चेडवाचा लगीन झाला म्हणा तर."

मी मान खाली घातली. सरांनी मात्र तेच मुलीच्या लग्नाचं बोलणं धरलं. आजही मला वाटतं की त्यांच्यासारखा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही; वर्गात अवघड गोष्ट जशी सांगायचे, तशीच त्यांनी ती बायकोला सांगितली.

"लगीनच झाला समज. आणि ह्या घोवाक पयल्यापासून नाव आसा. जुना नाव. म्हणून आता दोघांका तांच लागतला."

"कुंदाचा नाव बदलतला?"

"होय."

काकींनी पदराने डोळे पुसले. "बदलांदे. लगीन झाल्यार बदलताच. माझा माहेरचा नाव मथुरा होता, तुमच्याकडे इलंय आणि शालन झालंय. आता माका मथुरा म्हणान कोण हाक मारीत नाय. तेका काय रडाचा?" त्या माझ्याकडे वळल्या. नव्या सुनेचं नाव विचारावं तशा उत्सुकतेने. "काय गो नवीन नाव?"

"फुस्काटा," मी म्हटलं.

"ह्या कोणाचा नाव? कोणाच्या चेडवाचा?"

"कुणाचं नाही, काकी. लॅटिन शब्द आहे."

"म्हणजे काय तेचो अर्थ?"

सर म्हणाले, "संज्योत." नुसतं एवढंच. मला गप्प करायला.

पण मी त्या सकाळी खरं बोलण्याच्या भरात होते. खऱ्याचं कौतुक मला स्वतःचंच वाटत होतं. "मळकट," मी सांगितलं. "धुरकट, मळकट. रंगावरून ठेवलंय."

काकींचं हसू गेलं. त्यांनी कपाटात पाहिलं, पांढऱ्या केशरी पंखांकडे.

"मळकट," त्या म्हणाल्या. ओढणीचा तो तुकडा त्यांच्या खांद्यावर होता. तो घेऊन त्यांनी उगाच कपाटाची कडी पुसली. "बसा. चाय ठेवतंय."

लेख छापून आला. मी सरांचं नाव माझ्याबरोबर घातलं होतं. त्यांनी मसुदा वाचला, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि स्वतःचं नाव खोडलं. "शोध तुझा आहे," म्हणाले. त्या लेखावर मला पदवी मिळाली, पुण्यात नोकरी मिळाली, परदेशात बोलावणी आली. सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. मी त्यांच्या बाराव्याला पोचले नाही. परिषद होती, हे कारण मी सगळ्यांना दिलं. खरं म्हणजे काकींसमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही.

मी मनाशी एक मात्र ठरवलं होतं. बाद झालेलं नाव त्याच कुळात पुन्हा कुणाला देता येत नाही, असा नियम आहे. पण दुसऱ्या कुळात देता येतं. एक नवी जात शोधायची, खरीखुरी नवी, आणि तिला कुंदाचं नाव द्यायचं. त्यासाठी मी घाटातले पावसाळे घालवले. अखेर चोर्ला घाटाच्या बाजूला एक सापडला. छोटासा, मोतिया रंगाचा. नर, मादी, अंडी, अळी, सगळं मी पाहिलं. घाई केली नाही. जगातल्या प्रत्येक संग्रहालयाशी ताडून घेतलं. मग एक जोडी काचेच्या डबीत घेऊन काकींकडे गेले.

दार त्यांनीच उघडलं. वाकल्या होत्या, पण ओळखलं लगेच. "संज्योत, तू गो? बारीक झालंस." व्हरांड्यात बल्ब नव्हता. होल्डर नुसता लोंबत होता.

चहा घेताना मी डबी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. हा अगदी नवीन आहे, काकी. याला कुणाचंच नाव नाही. तुम्ही हो म्हणालात तर कुंदा.

त्यांनी डबी उजेडाकडे धरली. "चांगलो आसा," म्हणाल्या. "हेचो नर गावलो?"

"हो. हे दोघं शेजारीशेजारी आहेत ना, ते नर आणि मादीच. या वेळेला पूर्ण खात्री आहे."

"ह्यांकाव होती खात्री," काकी म्हणाल्या. मग जरा थांबून, "नाय. ह्यांका नव्हती. तू अंडी घेवन इलंस ना, तेच दिवशी माका सांगल्यांनी, पानां धुवन दी, दुसरो किडो जावक देव नको. नायतर संज्योतचा काम फुकट जायत."

मला काही कळेना. "सरांनी सांगितलं होतं? पानं धुवायला?"

"मगे? माका काय कळता त्यातला?"

म्हणजे मी काय शोधतेय ते सरांना पहिल्यापासून माहीत होतं. प्रयोग चोख व्हावा म्हणून त्यांनीच बायकोच्या हातात ते फडकं दिलं होतं. आणि त्या सकाळी, "असं होतं की नाही," म्हणाले, ते मला खोटं लिहायला सांगत नव्हते. काकी उभ्या होत्या म्हणून. तेवढी एक सकाळ निभावून न्यायला. मी "हो सर" म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनीच मला म्हटलं असतं, लिही. आणि घरी त्यांनी बायकोला त्यांच्या वेळेने, त्यांच्या पद्धतीने सांगितलं असतं. मळकट हा शब्द तर त्यांनी कधीच उच्चारला नसता.

लेख तोच झाला असता. एक शब्दही बदलला नसता. फक्त आईच्या तोंडून ते वदवून घ्यायची गरज नव्हती.

"काकी," मी म्हटलं, "माझं चुकलं. फार चुकलं."

"खरा होता तां सांगलंस. त्यात चूक कसली?" त्यांनी डबी माझ्या हातात परत दिली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. "पण ह्या नाव नको घालू गो. उद्या आणि कोण हुशार चेडू येतला, आणि सांगतला, ह्या पण चुकीचा."

"नाही येणार, काकी. मी सांगते ना."

"दोन खेपे गेला माझा चेडू," काकी म्हणाल्या. "तिसरी खेप माका झेपाची नाय."

मी निघाले तेव्हा काळोख पडायला आला होता. काकींनी व्हरांड्यातलं दार लावून घेतलं आणि आतला दिवा लावण्याआधी खिडक्या ओढून घेतल्या.

तो पतंग अजून माझ्या पेटीत आहे. टाचणीखाली गाव आणि तारीख लिहिली आहे, नावाची जागा मोकळी आहे. कधी ना कधी तो दुसऱ्या कुणालातरी सापडेल आणि तो माणूस त्याला हवं ते नाव देईल. विद्यार्थी विचारतात, मॅडम, हा नवा आहे ना, मग छापत का नाही? मी सांगते, अजून थोडं काम राहिलंय.